आईनं धुतलेली डिस्क

खंडेनवमीला माझ्या आईनं हार्ड डिस्क पाण्यानं धुतली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मी हसू देणार नाही.

आम्ही मेंढरांमागची माणसं. वेरूळच्या पलीकडं गाव. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, सगळी हयात रानात गेली. मी शिकले, चिकलठाण्यात एका कारखान्यात क्वालिटी खात्यात लागले, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिथंच मागच्या बाजूला फ्लॅट घेतला. आबांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा आईला आणि त्यांना मी इकडं घेऊन आले. लेकीच्या घरी राहतात म्हणून भावकीत कुजबुज झाली. म्हणलं, होऊ द्या. ज्याला टोचतंय त्यानं सकाळी यावं आणि आबांना अंघोळ घालावी. आजवर एक माणूस आलेला नाही.

वाचा जायच्या आधी, गावी गेले की मी मोबाईलवर आबांचा आवाज भरून घ्यायचे. मेंढरांना घालायच्या हाळ्या. पाण्यावर न्यायची वेगळी, कोकरू मागं राहिलं तर वेगळी, सांजेला वाड्याकडं वळवायची वेगळी. आमच्याकडं वाडा म्हणजे काटेरी कुंपणाचा, रात्री मेंढरं कोंडायचा. चिरेबंदी समजू नका. हाळ्यांशिवाय आबांच्या गप्पा होत्या. कुठल्या रस्त्यानं चराईला जायचे, कुठल्या गावचा पाटील पाणी द्यायचा, कुठला कुत्री सोडायचा. मध्येच खोकला, मध्येच आईचं "चहा घ्या, गार होतोय". आता त्या तोंडून एक 'हां' तेवढा निघतो, तोही मनासारखं झालं तर.

मोबाईल भरला तेव्हा माझ्या धाकट्या भावानं सगळं एका हार्ड डिस्कवर घेतलं आणि मोबाईल पुसून मोकळा करून दिला. तो पुण्यात संगणकाच्याच कंपनीत आहे. "ताई, आता सेफ आहे, बिनधास्त राहा," म्हणाला. मी राहिले. आईनं ती डिस्क देवघराच्या फळीवर ठेवली. आवाज आहे त्यांचा, खाली कुठं ठेवायचा, म्हणाली. रोज संध्याकाळी मी ती लॅपटॉपला लावायचे, आबा खुर्चीत, आई त्यांच्या पायाशी, आणि आम्ही तिघं रानात जाऊन यायचो.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळा, आबांची काठी. आधी सगळं घासूनपुसून धुवायचं, मग पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू. न धुतलेल्याला कुंकू लावायचं नाही, हे आईच्या हाडात आहे. त्या दिवशी मी कारखान्यात होते, तिथंही यंत्रांना झेंडूच्या माळा घालून पेढे वाटणं चाललं होतं. इकडं आईनं विचार केला, ह्या घरात सगळ्यात मोलाचं काय आहे? आमच्या नळाला कधी पाणी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, ड्रममधला तांब्या तांब्या जपून वापरतो आम्ही. त्या ड्रममधलं पाणी काढून तिनं कातर धुतली, विळा धुतला आणि डिस्क धुतली. कातर राखेनं घासली, डिस्कला राख लावली नाही, नाजूक दिसते म्हणून. पदरानं पुसली, गच्चीवर उन्हात वाळवली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं. मी डिस्क लावली. टक् टक् टक् झालं आणि बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा टक् टक्. आई म्हणाली, "कुंकू गेलं का गं आत? धुताना तर काही झालं नव्हतं."

मी म्हणलं, "धुताना?"

तिचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठववत नाही.

भावाला फोन लावला. स्पीकरवर होता. ऐकलं आणि ओरडलाच तो, "अडाणीपणाची हद्द झाली! डिस्क कोण धुतं?" आई तिथंच उभी होती. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. म्हणलं, "आईनं एक डिस्क धुतली रे. बाकीच्या सगळ्या जागा तू आधीच धुऊन ठेवल्या होत्यास. शिकलेला ना तू? मग दुसरी कॉपी कुठाय?" मीच फोन ठेवला.

पण आईच्या कानात माझं काही गेलं नाही, त्याचंच गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती कशालाच हात लावेना. टीव्ही लावेना, मिक्सर लावेना, मोबाईल वाजला तर पदराआड हात घेऊन मला हाका मारायची. संध्याकाळी आबांजवळ बसायची ती स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. एकदा मेथी निवडताना, मान खाली घालून म्हणाली, "झटक्यानं त्यांचा निम्मा आवाज नेला. निम्मा म्या मारला." मला रडू आलं आणि रागही आला. आबांचा आवाज परत हवा होता, तो आता आईसाठी हवा होता. तो मिळाला नसता तर ती अशीच विझत गेली असती, माझ्या डोळ्यांदेखत.

शहरात औरंगपुऱ्यात डिस्क दुरुस्त करणाऱ्या एकाकडं गेले. ओली डिस्क लावायचीच नसते, पाण्यापेक्षा त्यानंच जास्त वाट लागते, हे त्यानं सांगितलं, खरंच होतं. मग दात काढून विचारलं, "मावशींनी साबण पण लावला होता का?" मी डिस्क उचलली आणि खाली उतरले. दुसऱ्या माणसानं ती बाहेरगावी मोठ्या ठिकाणी पाठवली. तिकडून उत्तर आलं की आतल्या तबकड्यांवर ओरखडे उठलेत, काही निघणार नाही. संपलं.

हे मी घरी सांगत होते तेव्हा आबा खुर्चीत अस्वस्थ झाले. डावा हात गळ्याशी नेला. आई म्हणाली, "पाणी पाहिजे?" नाही. हात पुन्हा गळ्याशी, मग छातीवर थोपटलं. मी म्हणलं, दुखतंय का? त्यांनी रागानं खुर्चीच्या दांडीवर हात आपटला आणि खिडकीकडं, वेरूळच्या दिशेला, बोट केलं. पुन्हा गळा, पुन्हा छाती. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पेटलं. आत्या! आबांची बहीण अजून मेंढरं राखते, आणि तिच्या गळ्यात दोरीनं एक छोटा स्पीकर लटकलेला असतो, मेमरी कार्डवर वाजणारा. मी "आत्या?" म्हणलं आणि आबा म्हणाले, "हां."

आमच्यात सगळी मेंढरं कधी एका वाड्यात ठेवत नाहीत. आबांच्या काही मेंढ्या आत्याच्या कळपात असायच्या, आत्याच्या काही आमच्यात. रोग पडला, लांडगा शिरला, तरी बीज राहतं. आवाज भरत होते तेव्हाच आबांनी मला विचारलं होतं, "हे समदं एकाच ठिकाणी ठिवणार व्हय? थोडं तिच्याकडं घाल." म्हातारपणाची हौस समजून मी आत्याच्या कार्डात थोडं भरून दिलं होतं आणि विसरून गेले होते.

दुसऱ्याच दिवशी वेरूळ गाठलं. आत्या लेण्यांच्या मागल्या उतारावर होती. मी धापा टाकत विचारलं, "आत्या, आबांचं कार्ड आहे का गं अजून?"

"हाय तर!" ती म्हणाली. "रोज वाजतंय की. माझी मेंढरं दादाच्याच हाळीवर पाण्याला जात्यात. माझं कुठं ऐकत्यात भाडकाव!" तिनं बटण दाबलं. आबांचा आवाज त्या उतारावरून खाली गेला आणि पुढची मेंढी वळली, मागं सगळा कळप वळला. मी तिथंच मटकन बसले आणि पोटभर रडले. आत्या म्हणाली, "उठ, काटे हायेत खाली."

सगळं मिळालं नाही, तेही सांगते. हाळ्या सगळ्या मिळाल्या. गप्पा निम्म्याहून जास्त गेल्या. तो पाणी देणारा पाटील गेला, कुत्री सोडणारा राहिला. आईचं "चहा घ्या" मात्र होतं.

आता मी वाघीण झाले होते. पुन्हा औरंगपुरा. दुकानदारानं एक देखणा डबा काढला, आत दोन डिस्क. एकीवर लिहिलं की आपोआप दुसरीवर लिहिलं जातं. "एक मेली तरी दुसरी आहे मॅडम. टेन्शनच नाही."

म्हणलं, "दोन्ही एकाच डब्यात ना? माझ्या आईनं डबाच धुतला तर?"

त्यानं डबा आणखी पुढं सरकवला. मी म्हणलं, दोन मेंढरं एकाच वाड्यात कोंडून तुम्ही मला सांगताय लांडगा एकच खाईल. आणि चुकून मी एकीवरचं पुसलं, तर दुसरीवरचंही तेव्हाच पुसलं जाणार की नाही? "ते तर होणारच," तो म्हणाला. म्हणलं, मग डबा ठेवा आत. मी तीन साध्या डिस्क घेतल्या, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकीत खोट निघाली तर तिघींत निघायला नको. नवरा म्हणाला क्लाउडवर टाक. तिथंही टाकलं. पण खातं बंद पडलं, पासवर्ड हरवला, तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं? आत्याचं दार मला माहीत आहे.

एक डिस्क घरी. एक आत्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत. तिसरी पुण्याला पाठवली आणि भावाला कळवलं, "तुझं घर आता आपला तिसरा वाडा. ठेवून घे. आणि माफी आईकडं मागायची, माझ्याकडं नाही." सणावाराला तिन्ही लावून, वाजवून बघायच्या असं ठरवलं, कारण नुसती ठेवलेली डिस्कही ठेवल्या जागी मरते. भावानं डिस्क ठेवून घेतली. माफीचं तोंड काही उघडलं नाही.

पुढची खंडेनवमी आली. आत्या तिची डिस्क घेऊन आली होती, गळ्यात स्पीकर होताच. कातर, विळा, काठी आईनं धुतली. घरच्या डिस्कपाशी आली आणि मागं सरकली. "तू लाव बाई कुंकू. माझा हात नको."

मी डिस्क उचलली आणि तिच्या ओल्या हातात दिली. "धू."

"येडी झाली का तू?"

"धू म्हणते ना. ड्रममधलं पाणी घे, हवं तेवढं घे."

"अगं माय, आवाज हाय त्यात त्यांचा!"

"आहे. आत्याच्या पिशवीत आहे, पुण्यात आहे, आणखीही ठेवलाय. तू किती धुशील? तुझ्या हातानं तो मरत नाही आई. बघ मारून."

ती आबांकडं वळली. ते डाव्या हातानं खुर्चीची दांडी धरून तिच्याकडंच बघत होते. "हां," म्हणाले.

आईनं तांब्या घेतला. एक धार सोडली, थांबली. मग दुसरी. आत्यानं गळ्यातल्या स्पीकरचं बटण दाबलं आणि आबांची सांजेची हाळी आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये घुमली, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. तेवढ्यात रेकॉर्डिंगमधली आई म्हणाली, "चहा घ्या, गार होतोय."

ती तांब्या हातात धरून ऐकत राहिली. हाळी संपेपर्यंत डिस्कवरून पाणी वाहत होतं, मीही अडवलं नाही. मग पदरानं नाक पुसलं, राखेची वाटी जवळ ओढली आणि ती डिस्क कातरीसारखी खसाखसा घासली. पाटावर मांडली, ठसठशीत कुंकू लावलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या पुण्यातल्याला फोन लाव. म्हणावं, तुझ्याकडल्या डिस्कला कुंकू लावायचं तर आधी धुऊन लाव."