मामांना हरायचं होतं

आपलंच खरं करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण आपल्याला कुणीतरी खोटं पाडावं म्हणून झुरणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांचं वडिलोपार्जित मिठागर होतं. वडील वारल्यावर मामांनी ते तिथं राबणाऱ्या आगऱ्यांबरोबर सामाईक करून टाकलं आणि स्वतःला त्यांच्याइतकाच एक वाटा ठेवला. नातलगांनी कपाळाला हात लावला. कल्याणचे तरणे वकील मात्र त्यांचे विचार ऐकायला आगगाडीनं येत. मामा त्यांना बांधावर बसवून सांगत, "जमीन वाटणं सोपं, धनीपण जाता जात नाही."

ते खरंच जात नव्हतं. कुणीही यावं, हवं ते न्यावं म्हणून मामांनी दाराची कडीच उपटून टाकली, तर लोक उलट घरात वाल, वांगी आणि मामी डोळे वटारीत तरी सुकटसुद्धा आणून ठेवू लागले. मिठागराची सभा भरे, सगळे एका चटईवर बसत, हात वर करून ठराव होत. पण मामांचा हात वर गेला की सगळ्यांचे गेलेच. एकदा खोडी म्हणून त्यांनी मीठ सोडून यंदा गुलाब लावण्याचा ठराव मांडला. तोही एकमतानं पास झाला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढं मामी गेल्या, मामांना दम्यानं गाठलं. आपलं ओझं कुणावर नको म्हणून कल्याणला बहिणीकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. मी बैलांची दमणी घेऊन न्यायला गेलो, तर ते आधी सभेची संमती मागत होते. सवयीनं हात वर गेले, काहींचे डोळे पुशीत. फक्त पारूबाई नावाची म्हातारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"मना नाय पटला," ती म्हणाली. "तू कुठं जावाचा नाय. आमच्यातच ऱ्हावाचा."

मग एकेक हात खाली आला. शेवटी मामांचा एकट्याचाच वर राहिला.

"जावईबापू, बैल सोडा," मामा म्हणाले. "हरलो आपण." आणि ते लहान पोरासारखे रडले. इतका सुखी माणूस मी लग्नाच्या बोहल्यावरही पाहिलेला नाही.

त्यानंतर दोन पावसाळे लोकांनी त्यांच्याशी मनसोक्त भांडण केलं. कडीसुद्धा पुन्हा बसवायला लावली. मामा वारले तेव्हा मात्र आम्हांला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एकही हात वर गेला नसता.