सायकलची खंडेनवमी

यंदाही वरून आदेश आलाय. मुलांनी एकमेकांना आभारपत्रं लिहायची आणि आम्ही त्याचे फोटो पाठवायचे. माझ्या आठवीच्या वर्गाकडून मी ती लिहून घेणार नाही. हेडमास्तरांना तोंडावर सांगून झालंय. लेखी मागितलं तर लेखीही देईन.

दोन वर्षांपूर्वी ती हौस मी करून बसलेय. रंगीत कागद, डिंक, चमकी सगळं सांगलीहून पदरमोड करून आणलं. मुलांनी तासभर माना खाली घालून लिहिलं आणि मग पत्रं वाटली. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या बाकावर ढीग लागला. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला एकही पत्र आलं नाही. ती बाकाखाली वाकून सांडलेली चमकी गोळा करत राहिली.

या दोघी कुंडलच्या पलीकडच्या एकाच वस्तीवरून, एकाच सायकलवर यायच्या. सायकल त्या शेजारणीची, चुलत्यानं मिरजेहून आणलेली जुनी. पेडल तीच मारायची. पहिली येणारी मागे कॅरियरवर पुस्तक उघडून बसलेली मला रोज एसटीच्या खिडकीतून दिसायची. आणि त्या दिवशी तिनंसुद्धा पत्र लिहिलं ते मॉनिटरला. मला तिचा भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत तो माझ्यावरच उलटला. कुणाचं कौतुक करायचं हे मुलं आमच्याकडे बघूनच शिकतात, आणि मी तरी त्या सायकलवालीला कधी उभं करून शाबासकी दिली होती? फोटो मात्र वर सगळ्यांना आवडला.

माझे वडील साताऱ्यात शिंपीकाम करायचे. खंडेनवमीला शिलाई मशीन पुसायचे, हळदकुंकू लावायचे, हार घालायचे. त्या दिवशी कुणी कितीही घाईचं काम आणलं तरी मशीनला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "वर्सभर राबती आपल्यासाठी. आज बसू दे तिला." आभार हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

आभारपत्रांच्या त्याच वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, ज्याच्यावाचून तुमची शाळा चालत नाही ते उद्या पूजेला आणा. बाकी काही बोलले नाही. कुणाचं नाव सुचवलं असतं तर पुन्हा आभारपत्रंच झाली असती.

सकाळी सरस्वतीच्या पाटीपुढे कंपासपेट्या, चष्मे, एक डबा, शाळेचा कॉम्प्युटर असं सगळं मांडलं गेलं. पहिल्या येणाऱ्या मुलीनं आपलं शाईचं पेन ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. शेजारीण हात हलवत आली होती. "माझं काय न्हाई, बाई," म्हणाली.

हेडमास्तरांनी नारळ हातात घेतला तेवढ्यात पहिली येणारी उठली आणि बाहेर गेली. पायऱ्यांवर खडखड ऐकू आली. ती सायकल ओढत वर्गात आणत होती. धुतलेल्या फरशीवर चिखलाची लांब रेघ उमटली.

"आवं बाई, हे काय? फोटो वर पाठवायचाय," हेडमास्तर म्हणाले.

"सायकलसकट पाठवा," मी म्हणाले. "कॉम्प्युटरला हार चालतो तर हिलाही चालेल."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी नारळ फोडला.

पहिली येणारी हँडल धरून उभी होती. ती म्हणाली, "पाचवीपासनं मी मागं बसून पाठांतर करती. चढ आला तरी ही मला उतरू देत न्हाई. हिला पाठ करायला वेळच मिळत न्हाई. म्हणून मार्क मला पडत्यात."

शेजारीण मान खाली घालून नखं कुरतडत होती. मी सायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला तेव्हा ती बोलली, तेही तक्रारीच्या सुरात. "पूजा झाली की आज चालवायची न्हाई. आता घरी कसं जायाचं?"

"चालत," पहिली म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी एसटीसाठी फाट्यावर उभी होते. दोघी समोरून गेल्या. दोन्ही दप्तरं हँडलला लटकवून पहिली येणारी सायकल ढकलत होती. तिला ढकलायची सवय नव्हती, पेडल सारखं नडगीवर आपटत होतं. शेजारणीचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. तिनं दोनदा हँडल धरायला हात पुढे केला. दोन्ही वेळा मैत्रिणीनं तो बाजूला केला.

"तू नुस्ती चाल."