खाडीकडच्या केबिनचं घड्याळ

शिरगावची दीपाली मेहेर जवळच्या एका बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत काम करायची. कुठल्या बोटीला बर्फ आधी आणि कुठल्या बोटीला नंतर, हे तिच्या संगणकावरच्या यादीनं ठरायचं. बोट किनाऱ्याला लागली की तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखानं, टोकन काढायचं. टोकनाच्या केबिनी दोन. एक धक्क्यावर, दुसरी खाडीच्या तोंडाशी, कारण ओहोटीच्या वेळी मोठ्या बोटींना धक्क्यापर्यंत येता येत नाही. दोन्हीकडे एकेक संगणक होता. टोकनावर तिथली वेळ छापली जायची आणि कचेरीत सगळी टोकनं वेळेप्रमाणे आपोआप लागायची.

बर्फ भरपूर असताना या यादीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पण त्या वर्षी गणपतीनंतर बर्फाच्या कारखान्याचं एक यंत्र बंद पडलं आणि शेवटच्या काही बोटी रोज रिकाम्या राहू लागल्या. बर्फ नाही म्हणजे समुद्रात जाणं नाही. खलाशी किनाऱ्यावर जाळी विणत बसायचे आणि पुढे गेलेल्यांची नावं मोजायचे.

पहिल्यांदा तोंड उघडलं मंगलाकाकीनं. तिच्या दोन बोटी होत्या. नवरा गेल्यावर तिनं सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला होता आणि बंदरावर तिच्याशी वाद घालायला कोणी सहसा धजत नसे. ती एके दिवशी सकाळी दीपालीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"माजी बोट लागली तवा मी धक्क्यावरच व्हते," ती म्हणाली. "तुजा भाऊ तवा खाडीच्या भायेर व्हता. त्याचा बावटा मला दिसत व्हता. मग त्याचा नंबर माज्या आदी कसा आला?"

"काकी, यादी मी लावत नाय. यंत्र लावतं."

"आन यंत्राला कोण सांगतं?"

मागे उभे असलेले लोक हसले नाहीत. दीपालीला तेच जास्त लागलं.

तिचा थोरला भाऊ कुंदन घरच्या बोटीवर तांडेल होता आणि त्यांची बोट कायम खाडीच्या बाजूलाच लागायची. त्या दुपारी दीपाली स्वतः खाडीकडच्या केबिनीत गेली. तिथं टोकन द्यायला रिद्धी नावाची माकुणसारची मुलगी बसायची. दीपालीनं मोबाइल संगणकाशेजारी धरला. संगणक सात-आठ मिनिटं मागे होता. म्हणजे खाडीकडे लागलेली प्रत्येक बोट कागदावर तेवढी आधी आलेली दिसत होती.

"हे कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"मला नाही माहीत, ताई. मी वेळेकडे बघतच नाही. बटण दाबलं की टोकन येतं."

दीपालीनं घड्याळ बरोबर लावलं, चेअरमनना सांगितलं आणि प्रकरण संपलं असं धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा तेवढंच मागे होतं.

तिथून तिच्या मनात किडा शिरला. एकदा मागे पडलं तर यंत्राचा दोष म्हणता येईल. पण आपण हातानं नीट लावलेलं घड्याळ बरोबर तेवढंच मागे जातं, म्हणजे कोणीतरी मागे नेतं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा मागे. मग तिनं रिद्धीच्या लॉगिनवरून वेळ बदलायची परवानगीच काढून टाकली. रिद्धीला सांगितलं नाही. तरी घड्याळ मागे गेलं. आता उरला दीपालीचा स्वतःचा पासवर्ड. तो आईच्या नावावरून ठेवलेला होता, काशीबाई आणि पुढे आकडे. घरातल्या माणसाला ओळखायला काय लागतं?

आणि घरातला माणूस त्या केबिनीत जातो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. टोकन काढून झाल्यावरही कुंदन आत रेंगाळायचा. एकदा ती अचानक दारात गेली तेव्हा तो रिद्धीच्या खुर्चीवर बसला होता, आणि तिला बघताच त्यानं पडद्यावरचं काहीतरी घाईघाईनं बंद केलं.

"काय करत होतास, दादा?"

"काय नाय. हवामान बघत व्हतो."

हवामान तर तो मोबाइलवरही बघायचा. संध्याकाळी जेवताना दीपालीला राहवलं नाही.

"दादा, माझ्या नोकरीवर गदा येईल असं काही करत नाहीस ना?"

कुंदननं घास खाली ठेवला. "म्हंजे?"

"घड्याळ."

"मंगलाकाकी बोलली ते तुला खरं वाटलं? सक्क्या भनीला?" तो ताटावरून उठला आणि हात धुऊन बाहेर गेला. काशीबाईनं दीपालीकडे पाहिलं आणि तिच्या ताटात उरलेला बोंबील वाढला. पुढचे कितीतरी दिवस कुंदन बोटीवरच जेवायचा.

दीपालीनं पासवर्ड बदलला. असा ठेवला की तिचा तिलाच आठवायला त्रास व्हावा. घड्याळ तरीही मागे गेलं. मग तिनं केबिनीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण काढून बघितलं. केबिनीत कॅमेरा होता आणि त्याचं चित्रण साठवणारा डबा टेबलाखाली ठेवलेला होता. दिवसभराच्या चित्रणात रिद्धी टोकनं देताना दिसत होती, जेवताना दिसत होती. कोणी घड्याळाला हात लावताना दिसत नव्हतं. आणि दीपालीला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की चित्राच्या कोपऱ्यातली वेळ आणि त्याच क्षणी निघालेल्या टोकनावरची वेळ तंतोतंत जुळत होती. म्हणजे संगणक बरोबर होता की काय? मग मोबाइल खोटा? की कोणी चित्रणातही हात घातला होता? त्या दिवशी ती घरी जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाकडे, याला काय माहीत असेल, अशा नजरेनं बघत गेली.

शेवटी तिनं बोईसरला मिथुनला गाठलं. मिथुन मूळचा पाम गावचा. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं ऐकून त्यानं पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, माणसं सगळी तपासून झाली?"

"झाली."

"आता घड्याळाला विचारू या."

संगणकाचं घड्याळ स्वतःच्या भरवशावर चालत नाही, असं त्यानं सांगितलं. आत एक सेवा चालू असते. ती अधूनमधून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला वेळ विचारते आणि उत्तराप्रमाणे घड्याळ सरकवते. हे काम ती मुकाट्यानं करते. पण तिचा डीबग लॉग चालू केला की कोणाला विचारलं, कोणी उत्तर दिलं, घड्याळ किती हलवलं, हे सगळं ती एका फाइलमध्ये उतरवत जाते.

दीपालीच्या मनातला संशय अजून गेला नव्हता. "पण त्या फाइलमधली वेळही त्याच खोट्या घड्याळाची असणार ना? मग तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मिथुन खूश झाला. "वेळेवर ठेवूच नका. कोणाशी बोलणं झालं आणि कशानंतर काय झालं, एवढंच बघा. आणि काम झालं की लॉग बंद करा, नाहीतर फाइल फुगत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपालीनं खाडीकडच्या संगणकावर आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत मिथुननं लिहून दिलेली, लॉग चालू करायची ओळ टाइप केली, घड्याळ बरोबर लावलं आणि कचेरीत परतली. दुपारी पुन्हा केबिनीत येऊन फाइल उघडली तेव्हा पडदाभर इंग्रजी ओळी आणि आकडे. सुरुवातीला तिला त्यात काहीच दिसेना. मग ती एक-एक ओळ बोटानं धरून वाचत गेली. सेवेनं इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारली होती. उत्तर नाही. पुन्हा विचारली. उत्तर नाही. पुन्हा तेच. मग सेवेनं दुसऱ्या एका, नुसत्या आकड्यांच्या पत्त्याला विचारलं, तिथून लगेच उत्तर आलं, आणि पुढच्याच ओळींत घड्याळ मागे नेल्याची नोंद होती. घड्याळ मागे नेणारी ती सेवाच होती, कोणी माणूस नव्हता.

तो दुसरा पत्ता बाहेरचा नव्हता. केबिनीतलाच होता. रिद्धीच्या टेबलाखाली ती गुडघ्यावर वाकली आणि कॅमेऱ्याच्या डब्यावर चिकटवलेला पत्ता वाचला. आकडे तेच.

मग एकेक धागा सुटला. कॅमेरे बसवणाऱ्या माणसानं चित्र आणि टोकन यांची वेळ जुळावी म्हणून संगणकाला सांगून ठेवलं होतं: आधी इंटरनेटला विचार, ते बोललं नाही तर दर थोड्या वेळानं डब्याला विचार. इंटरनेट बोलत होतं तोवर डब्याची गरजच पडली नाही. पण पावसाळ्याआधी गटाराच्या खोदकामात खाडीकडची तार तुटली, तिच्या जागी सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर आला, आणि त्याच्यातून टोकनं जात असली तरी वेळेचा सवाल-जवाब जात नव्हता. डब्याचं घड्याळ मात्र कधीच कोणी लावलं नव्हतं. ते हळूहळू मागे पडत गेलं आणि संगणकाला सोबत घेऊन गेलं. दोघांची वेळ जुळत होती ती यामुळेच.

दीपाली तिथंच जमिनीवर बसून राहिली. तिला हायसं वाटलं, आणि मग एकदम रिद्धीकडे बघवेना.

चेअरमननी बैठक बोलावली. दीपालीनं लॉगच्या ओळी छापून आणल्या होत्या. मंगलाकाकीनं कागद हातात न घेताच ढकलला.

"कागद तुज्याच यंत्रातून निगाला ना?"

"हो."

"मग त्याचं मी काय करू?"

काकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे दीपालीलाही पटलं. ती म्हणाली, "काकी, मग तुम्हीच करून बघा. मी कशाला हात लावत नाही."

सगळी मंडळी खाडीकडच्या केबिनीत गेली. मावतील तेवढी आत, बाकीची दारात आणि खिडकीशी. दीपालीनं संगणकाचं घड्याळ सर्वांसमोर बरोबर लावलं आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या डब्याचा माउस मंगलाकाकीच्या हातात दिला. काकीनं डब्याला जोडलेल्या पडद्यावर त्याचं घड्याळ खऱ्या वेळेच्या अर्धा तास पुढे नेलं. मग कीबोर्ड स्वतःच्या पदराखाली झाकून ती संगणकासमोर खुर्चीवर बसली आणि कोपऱ्यातल्या वेळेवर डोळे रोखून राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही, तेव्हा मागून कोणीतरी कुजबुजलं.

मग घड्याळानं उडी मारली. अर्धा तास पुढे.

"अगो बाय!" मंगलाकाकी खुर्चीतून अर्धी उठली. तिनं पदराखालचा कीबोर्ड उचलून उलटासुलटा करून बघितला, टेबलाखाली डोकावली, दीपालीच्या हातांकडे पाहिलं. मग दारातल्या लोकांना म्हणाली, "कोणी केलेलं नाय. डब्यानंच केलं."

त्याच आठवड्यात मिथुन येऊन दोन्ही केबिनींचे संगणक कचेरीतल्या संगणकाशी जोडून गेला. सगळ्यांची वेळ आता एकाच ठिकाणाहून येऊ लागली आणि यादीवरचे वाद थांबले. बर्फ कमीच होता, पण शेवटी राहिलेला माणूस निदान आपला नंबर मान्य करून जायचा.

कुंदननं मग स्वतःहून सांगितलं. तारापूरच्या कारखान्यांत क्रेन चालवायचं काम मिळावं म्हणून तो परीक्षेची तयारी करत होता. मोबाइलच्या फुटक्या पडद्यावर धडे दिसायचे नाहीत, म्हणून रिद्धीच्या संगणकावर बघायचा. "आईला कळलं असतं तर बोटीचं काय, म्हनून रडली असती," तो म्हणाला. "आन तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस." काशीबाई रडली खरी, पण बोट तिच्या चुलत दिरानं चालवायला घेतली आणि दिवाळीनंतर काम लागल्यावर कुंदन बोईसरला खोली घेऊन राहिला.

रिद्धीची माफी मागायला दीपाली गेली तेव्हा ती टोकनाच्या कागदाचा नवा रोल भरत होती.

"ताई, तुम्ही माझी परवानगी काढली ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, विचारतील. तुम्ही रोज येत होतात, घड्याळ बघत होतात, पण त्यानंतर मला एकदाही विचारलं नाहीत."

"चुकलं माझं."

"हो," रिद्धी म्हणाली आणि रोलचं झाकण लावलं. बाहेर एक बोट लागली होती, तांडेल खिडकीशी आला होता. तिनं त्याला टोकन दिलं. त्यानं त्यावरची वेळ मोबाइलशी ताडून पाहिली आणि मगच ते खिशात घातलं.