विलेम स्त्रनादचं उत्तर

विलेम स्त्रनाद प्रागला परतला, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. तो उत्तरेकडच्या एका राजधानीत चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीत होता. अडुसष्टच्या ऑगस्टात रशियाचे रणगाडे प्रागमध्ये घुसले, तेव्हा राजदूत रजेवर होते. विलेमच तिथल्या परराष्ट्र खात्यात गेला नि म्हणाला, "आम्ही कुणाला बोलावलेलं नाही." वर्षभरात माघारी यायचा हुकूम आला. सहकारी म्हणाले, "जाऊ नकोस, इथंच आसरा माग." पण बायको द्रहोमीरा आणि लेक अलेना प्रागमध्येच होत्या.

प्रागमध्ये पक्षाच्या चौकशी समितीनं त्याला एकच प्रश्न विचारला.

"कॉम्रेड, ते आक्रमण होतं की मदत?"

"आक्रमण."

"पुन्हा विचार करा."

"केला. आक्रमणच होतं."

बाहेर थांबलेल्या मित्रानं कपाळावर हात मारला. "अरे, एवढा एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती का तुझी?"

नोकरी गेली. पुढं अलेनाला चांगल्या शाळेत घेईनात, तेव्हा द्रहोमीरा म्हणाली, "कागदोपत्री वेगळे होऊ या. पोरीच्या डोक्यावरून तुझं नाव तरी उतरेल."

"कागदोपत्रीच ना?"

"कागदोपत्रीच रे."

दक्षिण बोहेमियाच्या मोठ्या तळ्यांवर त्याला मासेमारीचं काम मिळालं. आधी तो दर महिन्याला प्रागला जायचा. मग द्रहोमीराला रविवारी सवड होईना. एकदा गेला, तर खुंटीवर दुसऱ्याच पुरुषाचा कोट होता. विलेमनं आपला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, कॉफी प्यायली आणि निघाला.

शरद ऋतूत तळं उपसायचं, कमरेइतक्या चिखलात उभं राहून कार्प मासे ओढायचे. मुकादम माटोउश ओरडायचा, "राजदूतसाहेब, आधी जाळं धरा, वाटाघाटी मागाहून!" सगळे हसायचे, विलेमही हसायचा. पण संध्याकाळी बिअरच्या गुत्त्यात त्याच्या टेबलाशी सहसा कुणी बसत नसे. पोलिसांची नजर असलेल्या माणसाशेजारी कोण बसणार? मग तळ्याच्या बांधावरून, ओकच्या झाडांखालून घरी जाताना तो एकटाच मोठमोठ्यानं फ्रेंच बोलायचा. वकिलातीतल्या त्या भाषेला गंज चढू नये म्हणून.

वीस वर्षं अशीच गेली. मग सरकार कोसळलं. नव्या सरकारच्या परराष्ट्र खात्याची दोन तरुण माणसं तळ्याच्या काठी आली. विलेमच्या पायात रबरी बूट होते, केस पांढरे झाले होते.

"आता खरोखरचे राजदूत व्हाल का?" त्यांनी विचारलं.

उत्तरेकडच्या त्याच राजधानीत तो राजदूत होऊन गेला. घर ऐसपैस होतं. तो मात्र स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर एकटाच जेवायचा. मेजवान्यांत पाहुणे समितीची गोष्ट ऐकायला मागायचे. पहिल्या हिवाळ्यानंतर त्यानं ती सांगणंच सोडून दिलं.

वसंतात अलेना भेटीला आली. ती प्रागमध्ये ट्राम चालवायची. विलेमनं स्वतः शेपूचं आंबट सूप केलं होतं.

"लोक म्हणतात, बापाचा अभिमान वाटत असेल तुला," ती म्हणाली.

"वाटतो?"

"आता वाटतो. पण माझ्या लग्नात तू पार मागच्या बाकावर बसलास, आणि तुला कुणी ओळखेल म्हणून आई घाबरून होती. तेव्हा नुसता राग येत होता बाबा."

"मी तेव्हा 'मदत' म्हणालो असतो, तर तू डॉक्टर झाली असतीस."

"झाले असते."

तिनं त्याला दिलासा दिला नाही, आणि त्यानंही तो मागितला नाही. मग त्यानं विचारलं, "बर्फात उतारावर ट्राम थांबवता कशी?"

"रुळांवर वाळू सोडतो," ती म्हणाली आणि हसत हसत हातवारे करून सांगू लागली. आपली लेक हसताना डावा डोळा बारीक करते, हे त्याला माहीतच नव्हतं.

रविवारी तिची गाडी सुटली. विलेमनं ड्रायव्हरला घरी पाठवून दिलं आणि बंदराच्या कडेनं तो चालत निघाला. त्या संध्याकाळी मात्र त्याच्या तोंडून एकही फ्रेंच शब्द निघाला नाही. बोलला ते चेकमध्येच, अलेनाशी, जणू ती शेजारून चालत होती.