पत्र्याच्या माणसाला मानवंदना

लक्ष्मीपुरीत चन्नाप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. पण कुणी ओळख विचारली, तर ते पेंडीचं नाव काढत नसत. पिक्चरमधला पत्र्याचा माणूस म्हणजे मी, असं सांगत. तरुणपणी ते कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत बैलांची पेंड पोचवायला गेले होते. तिथं चंद्रावरून आलेल्या यंत्रमानवाचं शूटिंग चाललं होतं आणि पत्र्यात कोंडलेला नट भोवळ येऊन पडला होता. चन्नाप्पा अंगानं काटकुळे. त्यांना आत घातलं. पत्र्याची कड बरगडीत रुतत होती, तरी दुपारभर चालले. चित्रपट आठवड्यात उतरला. चन्नाप्पा काही उतरले नाहीत.

अडचण एवढीच, की पत्र्याला तोंड होतं ते त्यांचं नव्हतं, आणि पडद्यावरच्या पाट्यांत नावही नव्हतं. बायको बसव्वासुद्धा 'असाल की' म्हणून भाकरी थापत राही. तेवढंच त्यांना सलायचं.

दोन हजार चार साली मुंबईवाल्यांनी तोच चित्रपट हिंदीत नव्यानं काढला. खास खेळ आधीच बघून आलेल्या समीक्षकांनी इतकी स्तुती केली, की लोकांनी आता वेगळं बघायचं कशाला असं वाटावं. एकानं लिहिलं, 'दिग्दर्शकाने मूळ पत्र्याच्या माणसाला मानवंदना दिली आहे.'

चन्नाप्पांना मानवंदना माहीत होती ती पोलीस ग्राउंडवरची, बँड वाजवून दिलेली. 'दिली आहे' ही छापखान्याची चूक, 'देणार आहे' असंच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पेपर घेऊन ते तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांच्याकडे गेले. हंबीरराव महापालिकेला एकदा पडले होते आणि पुन्हा पडायच्या तयारीत होते.

"मानवंदना म्हंजे फेटा आला, हलगी आली," ते म्हणाले. "आण्णा, पेठेचा मान हाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड लागला. हंबीररावांचा फोटो दाराएवढा, चन्नाप्पांचा ताटलीएवढा, आणि तोही पत्र्याच्या मुखवट्याचा. उधारीवाली गिऱ्हाइकंसुद्धा साहेब म्हणू लागली.

पहिल्या खेळाला चन्नाप्पा फेटा बांधून बसले. एका बाजूला इरकल नेसलेली बसव्वा, दुसऱ्या बाजूला हंबीरराव, बाहेर हलगीवाला. मध्यांतर झालं, गाणी झाली. शेवटाकडं नायक भंगारात शिरला. तिथं जुना पत्र्याचा माणूस उताणा पडला होता. नायकानं त्याला लाथ घातली. पत्रा उघडला, आतून एक कोंबडी पळाली. झाली मानवंदना.

थेटर हसलं. मागून कुणीतरी विचारलं, "आण्णा, आत न्हाईसा की! कुटं गेलतासा?"

हंबीरराव वाकून पायातलीच चप्पल शोधू लागले.

परतताना चौकात बघितलं, तर बोर्डावरच्या मुखवट्यावर 'दिवाळीच्या शुभेच्छा' असा कागद डकवून झाला होता. फोटोतले हंबीरराव मात्र जागच्या जागी हसत होते. चन्नाप्पांनी फेटा काखेत मारला.

बसव्वा म्हणाली, "मी आजवर तुमचं खरं मानलं न्हाय. आज मानलं."

"आता? कोंबडी बघून?"

"लाथ बसली पत्र्याला, आन् तुमचा हात गेला बरगडीवर."

चन्नाप्पांनी काखेतला फेटा काढून पुन्हा डोक्यावर ठेवला. तिरकाच बसला.