दहीभात खाऊन क्लासला

कुत्र्याचं पिल्लू आमच्याकडे आलं तेव्हा आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. अंबरनाथच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये ती काठी टेकत सावकाश फिरायची, आणि ती दिसली की पिल्लू धावत जाऊन तिच्या गुडघ्यांवर उडी मारायचं. प्रेमानेच. पण एकदा ती दाराची चौकट धरल्यामुळे जेमतेम वाचली, तेव्हा मी घरात हुकूम काढला. बदलापूरला पिल्लांचा सहा रविवारांचा क्लास असतो. तेवढ्यात उड्या थांबल्या तर ठीक, नाहीतर पिल्लू जांभूळ गावाला माझ्या मित्राकडे द्यायचं. त्याचं अंगण मोठं आहे.

माझी मुलगी रुसली. आई म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे तिला ते अजिबात योग्य वाटलेलं नव्हतं, पण हे मला पन्नाशीतही वेळेवर कळत नाही.

क्लास एका मोकळ्या प्लॉटवर भरायचा. शिकवणारी मुलगी पंचविशीची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, उपाशी आणायचं. भूक असेल तरच खाऊसाठी ऐकतात." आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, म्हणून शेजारणीकडून चिकन उकडून घेतलं. कॅम्प तीनच्या बाजारातून जीन्सच्या कापडाचा पट्टा आणला. एवढ्या तयारीनिशी माझ्या शाळेतही मी कधी गेलो नव्हतो.

बाकीची पिल्लं एकेका तुकड्यासाठी बसत होती, उठत होती, हेल्मेट घातलेल्या माणसाला, उघड्या छत्रीला न घाबरता हुंगून येत होती. आमच्याने जांभई दिली आणि माझ्या बुटावर डोकं ठेवून ते झोपलं.

पुढचे दोन रविवार तेच. घरी मी हॉलमध्ये उभा राहून "बस, बस" असा सराव घ्यायचो. बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं ऐकून या घरात आजवर कोण बसलंय?"

चौथ्या रविवारी त्या मुलीने पिल्लाचं तोंड हातात धरून नीट पाहिलं.

"काका, सकाळी काय खाल्लंय यानं?"

"काही नाही. कडकडीत उपास."

"मग मिशीला हे शीत कसलं?"

घरी येऊन विचारलं तर आईने सरळ कबूल केलं. "दहीभात. चार घास. परीक्षेला कोणी रिकाम्या पोटी जातं का? तुलाही दहावीला दिलाच होता."

"निकाल आठवतोय ना, आई?" बायको म्हणाली.

"अगं आई, पोट भरलेलं असतं म्हणून पिल्लू काही शिकत नाही," मी म्हणालो.

आईचा चेहरा उतरला. "मला वाटलं, पास झाला तर राहील."

तिच्यासाठीच मी पिल्लाला घालवायला निघालो होतो, आणि तिलाच विचारायचं राहिलं होतं.

पाचव्या रविवारी पिल्लू भुकेलं गेलं आणि चक्क बसायला शिकलं. घरी येऊन मात्र आईवर उडी मारलीच. क्लासच्या त्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "ज्यांच्यावर उडी मारतो, त्यांनाच घेऊन या."

शेवटच्या रविवारी आई इस्त्रीची साडी नेसून रिक्षात बसली. प्लॉटवर त्या मुलीने तिला समजावलं, "आजी, तो उडी मारायला आला की पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही. शांत बसला की खाऊ."

"जवळ आलेल्याकडे पाठ कशी फिरवायची गं?"

"थोडाच वेळ. पास व्हायचंय ना त्याला?"

मी आईच्या शेजारी दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारखा उभा. पट्टा सोडला. पिल्लू सुसाट आलं आणि आईने पाठ फिरवली. त्याने साडीला एक पाय लावला, काढला. पुढे जाऊन तिचं तोंड पाहू लागलं, तर ती पुन्हा वळली. ते कुईकुई करायला लागलं. आईचे ओठ हलत होते. बहुधा स्तोत्र चालू होतं. मग पिल्लू बसलं.

"बसला," मी म्हणालो.

जन्मात मांसाला हात न लावलेल्या आईने डब्यातला चिकनचा तुकडा दोन बोटांत उचलला आणि त्याच्यापुढे टाकला. नंतर तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा ते बसलं.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" आईने त्या मुलीला विचारलं.

"आजी, हा शेवटचा क्लास होता."

"याच्या पुढची इयत्ता असेल की."

होती. ती मुलगी फॉर्म घेऊन आली. मी खिशातून पेन काढलं, तर आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि माझा आधार घेत खुर्चीवर बसून, पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला घेतलं.