साडेसातशे वॅटचं ऊन

मंडळी, पंचवीस वर्षं मी कसबा पेठेत स्विच, टायमर आणि कॉन्टॅक्टर विकतोय. माझ्या लेखी सर्किटच्या अवस्था दोनच — जोडलेलं किंवा तुटलेलं. अतृप्त आत्मा हा तिसरा प्रकार आमच्या कॅटलॉगमध्ये नाही. "दिवा आपोआप लागतो हो!" म्हणत घाबरलेली गिऱ्हाइकं दुकानात येतात. मी त्यांना विचारतो, "न्यूट्रल तपासला का? आधी तो, रामरक्षा नंतर." आजवर एकदाही रामरक्षेपर्यंत वेळ आली नाही.

एकदा सोडून. आणि त्या एका प्रसंगात खलनायक भूत नव्हतं, मी होतो. तेव्हा सरसावून बसा.

मी तेव्हा औंधला एका जुन्या तीन मजली सोसायटीत राहायचो. बारा फ्लॅट. तळमजल्यावर मी, सोसायटीचा सेक्रेटरी. सगळ्यात वर लिमये बाई. शाळेत त्यांनी मला जीवशास्त्र शिकवलं होतं. आता निवृत्त, एकट्या. पूर्वेच्या बंदिस्त गॅलरीत त्यांच्या तीस कुंड्या... मोगरा, अनंत, जास्वंद. त्या झाडांशी बाई जितकं गोड बोलायच्या तितकं आयुष्यात कधी माणसांशी बोलल्या नसतील.

मग आयटीची लाट हिंजवडीत मावेना आणि आमच्यापर्यंत आली. शेजारच्या प्लॉटवर सॉफ्टवेअर कंपनीचा बारा मजली काचेचा टॉवर उभा राहिला. बाईंचं सकाळचं ऊन संपलं. पाठोपाठ एक बिल्डर आला — आमची इमारत पाडून नवी बांधतो म्हणाला. अकरा सह्या आठवड्यात झाल्या. राहिली बारावी, बाईंची. मला त्यानं वेगळं बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाईंची सही आणलीत तर नव्या इमारतीचा सगळा इलेक्ट्रिक माल तुमच्या दुकानातून. मी तीन जिने एका दमात चढलो.

"बाई, तो तुम्हाला टेरेस गार्डन देतोय."

"ऊन देतोय का? लिहून?"

"ऊन कसं लिहून देणार?"

"मग गार्डन कसलं देतोय? कुंड्या आहेत माझ्याकडे." त्यांनी चष्मा पुसला. "हे बघ विलास, झाडं जगतायत तोवर मी इथून हलणार नाही. मेली, की पेन घेऊन ये."

पंधरा दिवसांनी बाई स्वतः माझ्या दुकानात हजर. दिव्याखाली झाडं वाढवतात असं कुठेतरी वाचून आल्या होत्या.

"मला तसले दिवे दे. आणि वेळेवर लावणारं-विझवणारं काहीतरी. मी विसरते हल्ली. यातलं मला कळत नाही, तू सांगशील ते."

तू सांगशील ते! दुकानदाराला याहून मोठं आमंत्रण नाही.

दिवे मी चोख दिले. अडीचशे वॅटचे तीन हॅलाइड दिवे, चोकसकट. खोट केली ती टायमरमध्ये. योग्य काय ते सांगतो, म्हणजे कुणाचं तरी भलं होईल. टायमरच्या डब्यावर सोळा अँपिअर छापलेलं असतं, ते गिझरसारख्या सरळ लोडसाठी. चोकचा दिवा सुरू होताना करंटचा असा झटका घेतो की टायमरच्या आतल्या पट्ट्या हळूहळू एकमेकींना चिकटतात. म्हणून टायमरनं फक्त कॉन्टॅक्टरला, म्हणजे जाड पट्ट्यांच्या मोठ्या स्विचला, हुकूम द्यायचा आणि दिव्यांचं ओझं कॉन्टॅक्टरनं उचलायचं. दुसरं म्हणजे, टायमर बॅटरीवाला हवा. बिनबॅटरीच्या टायमरची तबकडी वीज गेली की जागीच थांबते आणि वीज आली की तिथून पुढे निघते. आपल्या पुण्यात तर दर गुरुवारी पाच तास वीज जाणार! म्हणजे दर गुरुवारी टायमर पाच तास मागे.

मी बिनबॅटरीचा टायमर दिला. कॉन्टॅक्टर दिलाच नाही. सकाळी सहा ते रात्री आठ अशी वेळ लावली. हिशेब सोपा होता — महिन्यात झाडांच्या रात्रीचा दिवस होईल, नाहीतर पट्ट्या चिकटून दिवे विझायचेच नाहीत. बाई कंटाळतील, झाडं माना टाकतील, मी पेन घेऊन जाईन. आणि दिवे बसवून झाल्यावर बाईंनी मला चहा पाजला.

महिन्यानं चौकशीला गेलो. मोगरा फुललेला. अनंताला कळ्या. मला शिसारी आली.

"टायमर मस्त आहे रे तुझा," बाई म्हणाल्या. "अगदी पूर्वीच्या उन्हासारखा."

"म्हणजे?"

त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं. टॉवर होण्याआधी गॅलरीच्या उंबऱ्यावर ऊन कधी आलं आणि कधी गेलं, हे बाई रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायच्या. आणि आता दिवे त्याच मिनिटाला लागत होते, त्याच मिनिटाला विझत होते. रोज एकच वेळ धरून नाही बरं का... ऋतूप्रमाणे मिनिटामिनिटानं सरकत!

मी टायमर पाहिला. तबकडी रात्रीच्या अडीचवर बंद पडलेली. खोलून पाहिला तर दाते झिजलेले, आतल्या पट्ट्या जळून एकजीव. म्हणजे दिवे चोवीस तास लागलेले राहायला हवेत, इतकं सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. टायमर काढून खिशात टाकला. दोन वायरी थेट जोडून टेप मारला. आता मध्ये स्विचसुद्धा नव्हता. दिवे लागले आणि लागलेलेच राहणार. मी स्टूल घेऊन समोर बसलो.

"नाटक आहे का काही?" बाईंनी विचारलं.

"बघूच," मी म्हणालो.

दहाच्या सुमाराला टॉवरवरून एक ढग गेला. तिन्ही दिवे मंद झाले... आणि पुन्हा उजळले. चोकच्या दिव्याला मंद होता येत नाही हो! तो एक तर जळतो, नाहीतर विझतो आणि मग पाच मिनिटं पेटत नाही. दहा बावन्नला तिन्ही दिवे विझले. डोक्यावरचा पंखा फिरत होता. मी होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. करंट दारापर्यंत आलेला आणि दिवा आत घेत नव्हता.

बाईंनी कॅलेंडर पुढे केलं. दहा बावन्न.

"मला वाटलं, तूच काहीतरी भारी बसवलंयस," त्या हळूच म्हणाल्या. "तू बसवलं नाहीस ना?"

"नाही, बाई."

"मग कुणी?"

आणि आता माझी कमाल ऐका. एवढं डोळ्यांदेखत पाहून मी तीन जिने उतरलो, दुकानात आलो आणि लेटरहेडवर अहवाल टाईप केला. 'सदर दिवे कोणत्याही नियंत्रणाशिवाय चालू-बंद होतात. वायरिंग धोकादायक आहे.' खाली सही, शिक्का. त्यातला शब्दन् शब्द खरा होता! टायमर कुणी निवडला, तेवढं लिहायचं राहून गेलं.

कमिटीनं एका बैठकीत दिवे काढायचा ठराव केला. अकरा विरुद्ध एक. काढायला मीच गेलो. बाई स्टूल धरून उभ्या राहिल्या, मी पडू नये म्हणून.

झाडांना तीन महिने लागले. मोगरा सगळ्यांत शेवटी.

मग बाईंनी निरोप पाठवला, पेन घेऊन ये. मी गेलो. रिकाम्या कुंड्या ओळीनं उपड्या घातलेल्या. त्यांनी करारावर सही केली, मग माझ्या अहवालाची प्रत उघडली आणि वही तपासावी तशी बोट फिरवत वाचली.

"विलास, त्या दिवशी तू जे पाहिलंस, ते कुणाला सांगितलंस?"

"कोण विश्वास ठेवणार, बाई?"

"ते मी विचारलं नाही." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "धोकादायक म्हणून लिहिलंयस. धोकादायक कुणाला, ते लिहायचं राहिलंय."

बाई नाशिकला बहिणीकडे गेल्या. इमारत झाली, माल माझ्याच दुकानातून गेला. या धंद्यातल्या जाणत्या लोकांना मी ही गोष्ट खूपदा सांगितलीय, पण दिवे कुणी काढले ते वगळून. कुणी म्हणतं लूज न्यूट्रल, कुणी म्हणतं चोक गरम झाला असेल. मी मान डोलावतो. पण गरम झालेला चोक कॅलेंडर वाचत नाही, एवढं मला कळतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला कळवू नका... बाईंना कळवा. मी त्यांचा पत्ता घेतलाच नाही.